अकरा तयार धडं आणि हौसाबाईचे हात

मी मुळशीला गेलो तेव्हा माझ्यासोबत अकरा माणसं होती आणि त्यातल्या एकालाही डोकं नव्हतं. सात पुरुष, चार बायका. सगळे कॅनव्हासवर रंगवलेले, गुंडाळी करून पत्र्याच्या नळकांड्यात घातलेले. पुरुषांच्या अंगात पांढरा नेहरूशर्ट, गळ्यात बोटाएवढी सोन्याची चेन, शेजारी वेताची खुर्ची, मागे लाल पडदा. बायकांच्या अंगावर हिरवी पैठणी, दंडात वाकी, गळा दागिन्यांनी भरलेला. मानेच्या वर कोरा कॅनव्हास. गिऱ्हाईक भेटलं की समोर बसवायचं, त्याचं डोकं वर चढवायचं, दोन बैठकांत काम खलास.

शहाणे लोक विचारतील, ही कसली चित्रकला? मी कुठल्याही आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. बार्शीत कॅलेंडरवरचे देव बघून बघून हात बसवला. मग दुकानांच्या पाट्या, टेम्पोमागचे मोर, गिरणीच्या भिंतीवरचा मारुती, आणि शेवटी माणसांचे चेहरे. चेहरा मला येतो. नाक, मिशी, चामखीळ, रागीट भुवई, सगळं येतं. हात येत नाहीत. हे मी आयुष्यात पहिल्यांदा लेखी कबूल करतोय. बोटं काढायला घेतली की केळ्याची फणी होते. म्हणून माझा प्रत्येक पुरुष एक हात खिशात आणि दुसरा पाठीमागे घेऊन उभा असतो, आणि प्रत्येक बाई दोन्ही हात पदराखाली घेऊन बसलेली असते. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने हाताची चौकशी केली नाही. माणसाला स्वतःचं तोंड दिसलं की बाकीचं कशाला दिसतंय.

चौकशी केली ती मुळशीतल्या भरे गावच्या एका म्हाताऱ्याने. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय. एरवी मुळशीत काय बघावं, कुठे उतरावं आणि धरणाकडे तोंड करून कुठली भजी खावीत, हे पुण्याची मंडळी दर रविवारी जाऊन ठरवतातच.

मारुंजी

सन दोन हजार सहा, दिवाळी होऊन आठवडा झालेला. बार्शीत माझ्या दुकानासमोर फ्लेक्सचं मशीन आलं होतं आणि माझ्या हातातल्या पाट्या गेल्या होत्या. मेहुणा नामदेव हिंजवडीच्या आयटी पार्कात एका गेटवर सिक्युरिटीला. त्याचा फोन आला, "दाजी, इकडं या. लोकांनी जमिनी विकून बंगले बांधलेत आन् भिंती मोकळ्या पडल्यात. टीव्ही लावून लावून किती लावतील?" मेहुण्याचं ऐकू नये असं म्हणतात, पण रिकाम्या पोटाला सगळेच मेहुणे शहाणे वाटतात.

नामदेवची खोली मारुंजीत. पूर्वी जिथे गुरं बांधायचे तिथे मालकाने ओळीने दहा खोल्या काढलेल्या. गव्हाणीच्या जागी मोटारसायकली लागतात एवढाच फरक. मालक अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून भाडेकरूंना पाणी भरताना बघतो, पूर्वी म्हशींना बघत असेल तसाच. दहा खोल्यांना एक नळ. त्या नळावर अख्खा महाराष्ट्र भांडतो आणि भांडतो हिंदीत. एक लातूरचा, एक जळगावचा, दोघांच्या आया मराठीत ओव्या म्हणत दळण दळलेल्या, पण बादलीवरून वाजलं की "आपने मेरा नंबर लिया, भाईसाब." मी मध्ये पडलो, "अरे, मराठीत भांडा की, लवकर मिटेल." दोघांनीही माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं.

बाहेर चौकात फ्लेक्सचं जंगल. कुणाचा तरी वाढदिवस, वर 'भावी सरपंच', आणि खाली शुभेच्छुकांची तीसेक डोकी, गळ्यापासून कापलेली, मांडलेल्या नारळांसारखी. त्यांच्याकडे नुसती डोकी आणि माझ्याकडे नुसती धडं. मनात म्हटलं, पेंटर, गाव तुझंच आहे.

पहिलं गिऱ्हाईक खोलीमालकच झाला. त्याची अट एकच, गॉगल पाहिजे. काढला. पण मान बसेना. माझी धडं बार्शीच्या मापाची, दुष्काळात वाढलेल्या माणसांची; आणि मालकाची मान जमीन विकल्यापासून कानांच्याही बाहेर गेलेली. शेवटी नेहरूशर्टाची कॉलर खरवडून रुंद केली तेव्हा कुठे ते मुंडकं खांद्यावर टेकलं. मालक खूश. "लई भारी," म्हणाला, "फकस्त गॉगलात जरा गाडी दिसू द्या." गॉगलाच्या डाव्या काचेत मी त्याची गाडीही काढली. आपलं काय जातंय?

माण

मारुंजीच्या मालकाने आपल्या पाहुण्यांकडे धाडलं, हिंजवडीशेजारच्या माणला. हे पूर्वी शेतीचं गाव होतं, हे गावातले लोक स्वतःच पर्यटकाला सांगावं तसं सांगतात. "हितं आमचा ऊस व्हता," असं म्हणून एका माणसाने मला काचेची सात मजली इमारत दाखवली. दुपारी गळ्यात ओळखपत्र लटकावलेली पोरंपोरी तिच्यातून बाहेर पडतात आणि त्याच माणसाच्या टपरीवर चहा पितात. उसापेक्षा हे बरं, म्हणाला, ह्यांना खत लागत नाही.

जेवणाचं सांगतो. आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पोटात पडल्याशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. भात म्हणजे वर उरलेल्या जागेत ढकलायचं सामान. इथे ताटात आधी भाताचा डोंगर. नवा आंबेमोहोर, वास असा की शेजारच्या घरात शिजला तरी आपल्याला भूक लागावी. पहिल्या दिवशी मी भाकरीची वाट बघत भात टाळला आणि उपाशी उठलो, कारण भाकरी येणारच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून शहाणा झालो.

तिथे एका आवारात दोन भाऊ, दोन बंगले, मध्ये भिंत. जमिनीचे पैसे आले आणि बोलणं गेलं, त्याला पाच वर्षं झालेली. थोरल्याचं चित्र मंगळवारी झालं. गुरुवारी धाकट्याने बोलावलं. मी दुसरं धड काढलं आणि त्याचं डोकं बसवलं. माझ्या सातही पुरुषांचं धड एकच आहे हे माझ्या डोक्यातून गेलं. शनिवारी धाकट्याची बायको कशावरून तरी थोरल्यांच्या हॉलमध्ये डोकावली आणि बॉम्ब फुटला.

मला वाटलं आता दोघे मिळून मला तुडवणार. मी नळकांडं उचलून पायात चपला घालत होतो. बाहेर येऊन बघतो तर दोघे भाऊ भिंतीच्या दोन बाजूंना उभे.

"ती खुर्ची बापाची हाय," थोरला म्हणाला. "तिच्याजवळ हुबं ऱ्हायचा मान थोरल्याचा."

"बाप मेला तवा ती खुर्ची माज्याकडं आलीया," धाकटा म्हणाला. "तुमी चोरून काडलीया चित्रात."

"माज्या लहानपनी बाप तिच्यावर बसून पान खायाचा, मी बगितलंय."

"मी काय आंधळा व्हतो का तवा?"

ती खुर्ची बार्शीतल्या एका न्हाव्याच्या दुकानातली. मी दाढीला बसायचो तीच. तिच्यावर त्यांचा बाप कधी बसला असेल तर त्याला बार्शीला येऊन हजामत करावी लागली असती. पण दोघांच्या डोळ्यांपुढे बाप इतका स्वच्छ बसलेला होता, पानाच्या डागासकट, की मी गप्प बसलो. पाच वर्षांनी का होईना, बोलले तर. पुढे महिनाभर ते रोज भांडत होते असं कळलं, म्हणजे बोलणं सुरळीत झालं म्हणायचं.

ही खुर्ची लक्षात ठेवा. पुढे मला ती फार टोचली.

भरे

माणची चित्रं बघून भऱ्याहून बाळासाहेबांची जीप आली. भरे पिरंगुटजवळ. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची शेडं, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं, आणि खाचरांत पेंढ्या आपटून झोडणी चाललेली. सकाळी झोडणी करून दुपारच्या पाळीला कारखान्यात जाणारे लोक मी तिथेच पहिल्यांदा बघितले. डोक्यात भाताची कुसळं आणि अंगात कंपनीचा निळा शर्ट.

बाळासाहेबांनी रस्त्याकडची जमीन दहा वर्षांपूर्वी कारखान्याला दिली होती आणि आता बंगला पुरा केला होता. वास्तुशांती आठ दिवसांवर. बंगल्याचं नाव 'मातृछाया', संगमरवरात, सोनेरी अक्षरांत. आई, म्हणजे हौसाबाई, वर्षापूर्वी गेलेली, वर्षश्राद्ध नुकतंच झालेलं. हॉलमध्ये आजोबांचा फोटो होता. बाळासाहेबांचे पुढाऱ्यांबरोबर चार फोटो होते. शर्यतीच्या बैलाचे तीन, एक गुलालातला, एक हारातला आणि एक नुसताच तोंडाचा. आईचा एकही नव्हता.

"आई फोटोत यायचीच न्हाई हो," बाळासाहेब सांगू लागले, जणू तिचाच हट्ट. स्वतःच्या लग्नाचा अल्बम आणला. सगळ्या गावाचे फोटो, आई चुलीपाशी. व्हिडिओ लावला. तीन तासांच्या कॅसेटीत एकदाच दिसली, पाठमोरी, डोक्यावर पातेलं. ओळखपत्र आणलं, त्यावर नाव हौसाबाईचं आणि फोटो कुणा मिशीवाल्याचा. "दुरुस्त करून आणू म्हणत ऱ्हायलं," म्हणाले. शेवटी कपाटातून खरेदीखताची झेरॉक्स काढली आणि तिच्या अंगठ्याच्या ठशावर बोट ठेवलं.

"येवढंच हाय आईचं."

तो अंगठा मी बराच वेळ बघितला. मध्ये आडवी रेघ होती, कापल्याच्या व्रणाची. बैल बिचारा तरी नशीबवान.

"आमचे आबा सांगतील तोंड कसं व्हतं ते," बाळासाहेब म्हणाले.

आबा म्हणजे हौसाबाईचे मालक, पंचाहत्तरीच्या पुढचे. बंगल्यात त्यांना खोली होती, बाथरूमसकट. पण ते मागे गोठ्याला लागून असलेल्या जुन्या खोलीतच राहायचे. फरशीवर पाय घसरतो म्हणायचे. मी त्यांच्यापुढे माझं उत्तमातलं स्त्री-धड उलगडलं. हिरवी पैठणी, काठाला मोर, गळ्यात दागिने. आबांनी मोरांकडे बघितलं नाही, दागिन्यांकडे बघितलं नाही. पदराकडे बघून म्हणाले,

"हिचे हात कुटं हायेत?"

चोरी पकडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "आबा, हात पदराखाली आहेत. तोंड कसं होतं ते सांगा. गोल का लांबट? नाक बसकं का धारदार?"

आबांनी पदरावरची नजर काढली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"तसं नीट बगितलं न्हाई," म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? आई-बाप बसल्यालं असायचं घरात. त्यांच्या म्होरं बायकूच्या तोंडाकडं बगायचं व्हय? तिचा पदर हितवर." त्यांनी हात नाकापर्यंत आणून दाखवला. "ताट म्होरं सरकवायची. मी ताटाकडं बगायचो. तिचं हात दिसायचं. लावणीला चिखलात हात, झोडणीला हात. आई-बाप गेलं तवर आमी म्हातारं झालो. मंग बगायचं ऱ्हाऊनच गेलं."

मी बार्शीला माझ्या बायकोच्या तोंडाकडे बघतो ते बहुतेक ती काय बोलतेय त्याचा अंदाज घ्यायला. तेव्हा हसायचा मला काही अधिकार नव्हता. पण खरं सांगतो, आधी हसूच आलं होतं. पुढचं ऐकलं आणि ते गेलं.

"डोळं मिटलं की हात येत्यात," आबा म्हणाले. "ते बी आता कमी झालंय. तिची करंगळी वाकडी व्हती. परवा इचार करतोय, कंच्या हाताची. आटवना. डावी का उजवी, आटवना. सगळा दिस गेला माजा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेंटर, येवढं हात काडून दे. तोंड तुजं तू काड काय बी."

बाहेर आल्यावर बाळासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "आबांचं मनावर घेऊ नका. वय झालंय. तोंड महत्त्वाचं. आईची सख्खी भन हाय वर वाडीत, भागामावशी. जाऊन तिचं तोंड बगून या, त्यावरनं काडा. आन् दागिनं कमी करू नका."

वीस वर्षं मी हात लपवून खाल्लं आणि आता एका म्हाताऱ्याला नेमके तेच पाहिजे होते. देव बसलेलाच असतो वर, हिशोब चुकता करायला.

वाडी

धरणाच्या काठापर्यंत वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन कोंबणारी जीप. आत चौदा माणसं, तीन कोंबड्या आणि मी. एक कोंबडी माझ्या मांडीवर बसून आली आणि उतरताना मालकिणीने तिलाच विचारलं, "तरास न्हाई ना झाला?" पुढे तासभर चढ. बार्शीच्या माणसाला चढ म्हणजे जिना. दोनदा बसलो, एकदा घसरलो, आणि शेणाने भरलेल्या पँटने भागामावशीच्या दारात पोचलो. खाली धरणाचं पाणी दिसत होतं. बुडालेल्या गावांवर आता पुण्याचे लोक सूर्यास्त बघतात.

भागामावशी उंच, हाडापेराने दणकट, तोंड लांबट, हनुवटी पुढे. मी खूश झालो. कागद काढला.

"कशाला काडतुयास माजं तोंड?" ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. बाई पोट धरधरून हसली. "आरं, ती आईवर गेलती, मी बापावर. माजं तोंड काडशील तर बंगल्यात आमचा बाप हुबा ऱ्हाईल. त्याला मिशी तेवढी लाव."

एक दिवस, एक घसरण आणि एक कोंबडी वाया. मग म्हटलं, मावशी, निदान हात बघू द्या. ती समोर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून दिले. मी काढले. पहिल्यांदा केळी झाली. दुसऱ्यांदा गाजरं. तिसरा कागद तिने स्वतः ओढून घेतला आणि बघितला.

"आळवाची पानं काडलीस व्हय रं?"

"मावशी, हात हलवू नका म्हणजे जमेल."

"हलवू नको कसं? रिकामं हात कवा बगितल्यात का तू आमचं?" असं म्हणून ती उठलीच. नाचणीचं पीठ मळायला घेतलं. भाकरी थापायला लागली. मी नुसता बघत बसलो. वीस वर्षांत मी हाताकडे असं कधी बघितलंच नव्हतं. मी बोटं मोजत होतो, आणि इथे बोटं सुटी सुटी नव्हतीच. सगळा हात मिळून एक काम होतं. तळवा वळला की बोटं आपोआप कुठे जायची तिथे जात होती. कॅलेंडरवरच्या देवांनी मला हे शिकवलं नाही ते उगाच नाही. देवांना चार चार हात, पण एकाने कधी भाकरी थापलेली नाही.

मग तिने ताटलीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि उकडलेले करांदे घातले. करांदा हा डोंगरातला कंद, चवीला बटाट्याचा कडू चुलता. आणि ताटली माझ्यापुढे सरकवली. "घे. खा आदी."

तो सरकवणारा हात मी बघितला. कडेला टेकलेला अंगठा, पुढे झालेली बोटं, मनगटावर गोंदण. खाणं बाजूला ठेवून काढला. तिला पुन्हा पुन्हा ताटली सरकवायला लावली. आठव्या-नवव्या कागदावर हात आला. केळी नाही, गाजर नाही, हात. मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या शेणाच्या पँटमध्ये बसून रडतोय म्हटल्यावर मावशी म्हणाली, "मिरची लागली का?" मी हो म्हटलं.

निघताना विचारलं, "हौसाबाईची करंगळी कुठल्या हाताची वाकडी होती?"

"डाव्या," म्हणाली. "भात कापीत व्हतो दोगी. ल्हान व्हतो. माजाच इळा लागला तिला. कुनाला सांगितलं न्हाई तिनं कवा."

पुन्हा भरे

दोन चित्रं केली. हॉलमधल्या चित्राच्या तोंडाचा प्रश्न बाळासाहेबांच्या बायकोने सोडवला. दुपारी टीव्हीवर मालिका लागली होती, तिच्यातल्या श्रीमंत सासूकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या आत्याबाई डिट्टो अशाच." बाळासाहेबांनी मान हलवली, व्हय, आशीच व्हती. मी तयार धडावर ते तोंड चढवलं. नाकात नथ घातली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

वास्तुशांतीला गाव लोटलं. हौसाबाईबरोबर तीस तीस वर्षं लावणी केलेल्या बायका चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि डोळ्याला पदर लावला.

"हुबेहूब गं बाय. आत्ता बोलंल."

"ही नथ मला ठावं हाय. सणाला घालायची."

"आन् हे लुगडं बाळूच्या लग्नातलं."

माणची खुर्ची आठवली. तिथे हसलो होतो, इथे हसू येईना. मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. ज्या बाईचं नाकही मला ठाऊक नव्हतं तिला मी नथ घातली होती, आणि त्या नथीने अर्ध्या तासात खऱ्या हौसाबाईला गावाच्या आठवणीतून हुसकून लावलं होतं. वरून कौतुक माझं. तिघांनी तिथल्या तिथे आपापल्या आयांची ऑर्डर दिली. एकाने तर फोटो द्यायचीही तसदी घेतली नाही, म्हणाला, "हीच आई काडा की, झ्याक हाय."

भागामावशी डोंगर उतरून आली होती. चित्रापुढे उभी राहिली, मान वाकडी करून बघितलं आणि मला विचारलं, "ही कोन?"

"मावशे, आई न्हाई का?" बाळासाहेब म्हणाले.

"आसंल बाबा," मावशी म्हणाली. "बंगला तुजा हाय."

दुसरं चित्र आबांच्या खोलीत होतं. उरलेल्यातलं एक स्त्री-धड घेऊन मी त्याचे दागिने खरवडले होते, मोर पुसले होते आणि साधं लुगडं केलं होतं. पदर ओढून खाली आणला होता, मान पुढे वाकवली होती. पदरातून दोन हात बाहेर आलेले, ताट पुढे सरकवत असलेले. डाव्या हाताची करंगळी वाकडी. उजव्या अंगठ्यावर आडवा व्रण, झेरॉक्समधून घेतलेला. बाळासाहेबांनी सकाळी ते बघितलं आणि "तोंड कुटंय?" एवढंच विचारून निघून गेले होते.

आबांनी चित्र वर नाही लावू दिलं. खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, ते जेवायला बसतात त्याच्या समोर खिळा मारायला लावला. दुपारी सुनेने पंगतीतलं ताट आणून ठेवलं आणि गेली. मी दारापाशी होतो. आबा पाटावर बसले. हातांकडे बघत राहिले. ताटातला भात निवत होता.

"डावी," ते म्हणाले. "डावीच."

मग, "आंगठा जरा मोटा झालाय."

"हो आबा. नीट करून देतो."

"ऱ्हाऊ दे."

त्यांनी मान वळवून आधी मागे बघितलं, मग ओसरीच्या दाराकडे. मी चटकन कडेला सरकलो. त्यांचे आई-बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी ते नीट बघून घेत होते. कुणी नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि गुडघ्यांवर पुढे झाले. डोकं खाली, आणखी खाली, जवळजवळ ताटाला लागेल इतकं खाली नेलं आणि मान तिरकी करून चित्रातल्या पदराच्या खालून वर बघायला लागले.

"आता कोन न्हाई हितं," हळूच म्हणाले. "बग की वर."

पदराखाली मी काहीच काढलेलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.